तिसरी हाक

शिवणकाम स्पर्धेचा निकाल लागणार होता आणि छकुलीला सकाळपासून सुईत दोरा ओवता आला नव्हता. छकुली म्हणजे बावन्न वर्षांची, अंगापिंडानं चांगली भरभक्कम शिंपीण. आजीनं पाळण्यात असताना लाडानं म्हटलेलं हे नाव तिला असं चिकटलं, की गिऱ्हाइकं छकूताई म्हणायची, भाचरं छकूमावशी आणि नवरा नुसतंच छकू. पहिलं बक्षीस होतं नवंकोरं शिलाई मशीन. घरचं जुनं मशीन दर दहा टाक्यांना दोरा तोडायचं, त्यामुळे तिचा सगळा जीव या बक्षिसात अडकला होता.

सभागृह खच्चून भरलं होतं. लेक अजून बाहेर स्कूटर लावायला जागा शोधत होती. निवेदकानं पहिल्या क्रमांकाचं नाव पुकारलं. आडनाव नाही, नुसतं नाव; चांगलं पाच अक्षरी, भारदस्त. छकुलीचा चेहराच पडला, तरी टाळ्या तिनं मनापासून वाजवल्या.

"नशीबवान आहे बाई. कोण असेल हो?"

"नावावरून तरी मुख्याध्यापिका वाटते," नवरा म्हणाला.

कुणीच उठेना. निवेदकानं दुसऱ्यांदा पुकारलं आणि बजावलं, "तिसऱ्या हाकेला नाही आल्या, तर मशीन दुसऱ्या क्रमांकाला जाईल."

"कुठं कडमडलीय कुणास ठाऊक," छकुली हळहळली. तिला राहवेना. ती उभी राहून मागच्या रांगांमध्ये त्या बाईला शोधू लागली.

तिसरी हाक झाली. छकुलीच्या घरासमोरच्या दुकानातले शिंपी मास्तर, तिचे वीस वर्षांपासूनचे प्रतिस्पर्धी, दुसरे आले होते. ते मशीन घ्यायला स्टेजवर चढले आणि तेवढ्यात लेक धापा टाकत आत आली.

"आई, तू इथं काय करतेस? तुझंच नाव घेतायत. अर्ज मी भरला होता ना, कागदपत्रांवरचं नाव घालून."

छकुलीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं छकुलीकडे. मग ती अशी सुटली, की वाटेतल्या दोन खुर्च्या आडव्या झाल्या.

निवेदक चक्रावला. "अहो, आत्ता तुम्हीच तर त्यांना शोधत होतात. ओळखपत्र आहे?"

ते घरी होतं.

"मग इथं यांना या नावानं कुणी ओळखतं का?"

अख्खं सभागृह तिला ओळखत होतं, पण त्या नावानं कुणीच नाही. नवऱ्यानं हात वर केला आणि मघाची मुख्याध्यापिका आठवून निमूट खाली घेतला. छकुलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

मास्तर मशीन सोडून, स्पर्धेसाठी शिवून स्टेजवर टांगलेल्या पहिल्या क्रमांकाच्या कोटाकडे गेले. त्यांनी कोट उलटा करून शिवण पाहिली.

"नावाचं मला काही माहीत नाही," ते म्हणाले. "पण हा टाका छकूताईंचाच. याच टाक्यानं माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवलीत."

मशीन घरी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छकुली त्यावर शिवत बसली होती. नवऱ्यानं दारातून तिला त्या पाच अक्षरी नावानं हाक मारली. तिनं मान वर केली नाही. त्यानं पुन्हा मारली. तरी नाही. तिसऱ्यांदा मारली आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "छकू, अगं तुलाच बोलावतोय."

"पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं," मशीन न थांबवता ती म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा या नावानं हाक मारलीत. म्हटलं, तीनदा तरी होऊ दे."