छत्तिसावा जिल्हा

आमच्या चाळीतले कासारे सर वर्ग सुरू करताना हजेरी घेत नाहीत. ते आधी स्वतःच्या चुका वाचून दाखवतात.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे ढोल, सतरंज्या आणि मागच्या वर्षीचं मखर पडलेलं असतं. संध्याकाळी साडेसहाला त्यातूनच जागा करून पंधरा-वीस मुलंमुली बसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतं, कोणी तलाठ्याची, कोणी मिळेल त्या परीक्षेची. सर त्यांना राज्याचा इतिहास, राज्याचा कारभार आणि राज्यातली थोर माणसं असे तीन विषय शिकवतात. एकतीस वर्षं ते शाळेत हेच शिकवत होते. निवृत्तीनंतर गेली सोळा वर्षं हा वर्ग चालू आहे.

चुकांची यादी एका निळ्या वहीत आहे. सर उभे राहतात, चष्मा पुसतात आणि एकाच सुरात वाचतात.

"चूक पहिली. राज्यात पस्तीस जिल्हे असताना मी छत्तीस शिकवले. चूक दुसरी. नाशिक विभागात चार जिल्हे सांगितले, ते पाच आहेत. चूक तिसरी. एका समाजसुधारकांची जन्मतारीख आणि पुण्यतिथी यांची अदलाबदल केली. त्यामुळे अठरा मुलांच्या हिशेबी ते जन्मायच्या आधीच वारले."

तिसऱ्या चुकीला नवीन मुलं हसतात. पहिल्या चुकीला जुनी मुलंही हसतात, कारण जिल्हे छत्तीसच आहेत. रेश्मा नावाची एक मुलगी आहे, तोंडाने फटकळ. ती एकदा म्हणाली, "सर, छत्तीस बरोबर आहे की. ही चूक काढून टाका ना. उगाच आकडा वाढतोय."

"आज बरोबर आहे," सर म्हणाले. "मी शिकवलं त्या दिवशी नव्हतं."

यादीत एकूण अकरा चुका आहेत. मी एका औषध कंपनीच्या गोदामात मालाची मोजदाद करतो. सत्तेचाळीस वर्षांत अकरा चुका म्हणजे काय, हे मला कळतं. आमच्याकडे एवढा फरक एका महिन्यात निघतो आणि कोणी वाचून दाखवत नाही.

सरांची दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. कुठलीही बातमी सांगा, ते विचारतात, "अंमल कधीपासून?" चाळीत कोणी सांगितलं की पाण्याची वेळ बदलली, तर सर विचारणार, "अंमल कधीपासून?" चहावाल्याने कटिंगचा ग्लास लहान केला, तर त्यालाही तेच. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. सरांनी पेढा घेतला, पण तो हातातच धरून ठेवला.

"अंमल कधीपासून, परब?"

मी तारीख सांगितली. हॉल कुठला ते सांगितलं. मग त्यांनी पेढा खाल्ला. माझी बायको नंतर म्हणाली, "बरं झालं, मुलाकडच्यांसमोर नाही विचारलं." पण लग्नात विचारलंच. नवरदेवाला भेटून म्हणाले, "आजपासून ना?" तो बिचारा हो म्हणाला.

मुलांचंही या प्रश्नापुढे काही चालत नाही. नगर जिल्ह्याचं नाव बदलणार अशी बातमी आली तेव्हा वर्गात गडबड झाली. रेश्माने मोबाइल वर केला. "सर, हे बघा, आलंय. नवीन नाव लिहायचं ना आता?"

"अंमल कधीपासून लिहिलाय?"

"तसं नाही लिहिलं."

"मग ती बातमी आहे. वहीत जुनंच राहू दे."

राजपत्र निघेपर्यंत, म्हणजे पुढचे कित्येक महिने, सरांनी जुनंच शिकवलं. मुलं चिडली. दुसऱ्या क्लासवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी नवीन नाव फळ्यावर लिहिलं होतं. सर म्हणाले, "त्यांना घाई आहे. मला एकदा होती."

राजपत्राची प्रत हातात आली तेव्हा मात्र सर बदलण्यात एक दिवसही थांबले नाहीत. ही त्यांची तिसरी सवय, आणि चाळीत सगळ्यांत जास्त थट्टा हिचीच होते. राज्याच्या कारभारात काही बदललं की ते आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं पाठवतात. मजकूर ठरलेला असतो. 'मी तुम्हाला अमुक शिकवले होते. आता तमुक झाले आहे. अंमल या तारखेपासून. कृपया दुरुस्ती करून घ्यावी.' खाली सही. कार्ड मिळणाऱ्यांतला कोणी आज पोलीस हवालदार आहे, कोणी बँकेत आहे, कोणी घरी नातवंडं सांभाळतं. कोणालाही ही माहिती लागत नाही. मी एकदा तसं बोललो.

"लागत नसेल," सर म्हणाले. "पण मी दिलेली आहे. चुकीची झाली तर बदलून द्यायला नको?"

नगरची कार्डं निघायची होती तेव्हाच सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर लिहायला-वाचायला बंदी केली. सरांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या, घरात दुसरं कोणी नाही. त्यांनी मला बोलावलं. मोजायचं आणि न चुकता लिहायचं काम आहे म्हणाले, म्हणून मी गेलो.

रविवारची सकाळ होती. विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. परत आलेल्या कार्डांच्या नावांवर लाल रेघ मारलेली होती. नावं दोनशे चौदा, लाल रेघा सत्त्याऐंशी. बरीचशी माणसं जुन्या चाळींच्या पत्त्यावरची, आणि त्या चाळी आता नाहीत. उरली एकशे सत्तावीस. सरांनी दिलेली कार्डं मी सवयीने आधी मोजली. एकशे अठ्ठावीस होती.

"एक जास्त आहे, सर."

"जास्त नाही. शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर एकच नाव होतं. मिलिंद शांताराम कासारे. पत्ता अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीचा.

मिलिंद सरांचा मुलगा. आमच्याच डोळ्यांसमोर वाढला. वडिलांच्या वर्गात पहिल्या ओळीत बसायचा. मग एक दिवस घर सोडून गेला. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आला होता, तेव्हा गॅलरीत उभा राहिला आणि कोणाशी न बोलता परत गेला. कारण चाळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी आपापली कारणं लावून घेतली होती.

"पालघर जिल्हा झाला ते वर्ष आठवतं?" सरांनी विचारलं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. "जूनमध्ये पेपरात बातमी आली, की पालघर वेगळा होणार. मी त्याच संध्याकाळी मुलांना छत्तीस लिहून घ्यायला लावलं. इतर क्लासच्या आधी माझ्या मुलांना कळलं पाहिजे, असा तोरा होता. जिल्हा खरा झाला ऑगस्टच्या एक तारखेला. मिलिंदची लिपिकाची परीक्षा मध्येच होती. प्रश्न आला, राज्यात जिल्हे किती."

मी पेन खाली ठेवलं.

"त्याला पस्तीस वाटत होतं. घरी मला विचारूनही गेला होता. पप्पा, अजून झाला नाही ना जिल्हा? मी म्हटलं, मी सांगतो ते लिही. एका गुणाने राहिला. वयात बसणारी शेवटची परीक्षा होती ती."

"भांडण झालं?"

"नाही. भांडला असता तर बरं होतं. उत्तरांची सूची आली, त्याने ती माझ्यासमोर ठेवली, पस्तीसवर बोट ठेवलं आणि आत गेला. महिन्याभराने गेला तो गेलाच. एका कारखान्यात लागला. पुढे लग्न केलं, बायको सरकारी नोकरीत आहे म्हणून ती जागा. हे सगळं त्याच्या आईकडून कळायचं. मी फक्त कार्ड पाठवतो. इतरांना जातं तेच. आजवर नऊ पाठवली."

पहिल्या चुकीला मुलं का हसायची, हे मला आठवलं. यादी तारखेप्रमाणे नव्हती, हेही तेव्हा लक्षात आलं. नाशिक विभागाची चूक फार जुनी होती, तरी दुसरी होती.

अशा वेळी मला आकडेच सुचतात. मी म्हटलं, "सर, सत्त्याऐंशी कार्डं परत आली. अँटॉप हिलचं किती वेळा आलं?"

"एकदाही नाही."

"नवांपैकी शून्य. म्हणजे पोचतंय."

सरांनी हाताने कार्डांचा गठ्ठा चाचपला. मग म्हणाले, "ते कार्ड मी लिहितो."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"मग सही तरी करतो."

मजकूर मी लिहिला. सही त्यांनी चाचपडत केली. ती तिरकी झाली आणि तारखेवर चढली. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावीस कार्डं मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकली.

बारा दिवसांनी पोस्टमन सरांच्या दारात एक कार्ड टाकून गेला. पट्टी निघाली होती, पण अक्षर अजून दिसत नव्हतं, म्हणून सर ते घेऊन माझ्याकडे आले. मी वाचलं.

'तुमच्याकडील पत्त्यात बदल झाला आहे. इमारत सतरा ऐवजी तेवीस. अंमल दोन वर्षांपासून. पोस्टमन ओळखीचा असल्याने कार्डे मिळत होती. कृपया दुरुस्ती करून घ्यावी. ता. क. या वेळचे अक्षर तुमचे नाही आणि सही वाकडी आहे. का? मिलिंद.'

सरांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी फक्त ता. क. मी वही मागितली. म्हटलं, सतरा खोडून तेवीस करून टाकतो.

त्यांनी वही दिली नाही. "नको. ही नुसती बातमी आहे, परब. मी पाहिल्याशिवाय नोंद करत नाही."

"मग कधी पाहणार?"

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेऊन खिशात ठेवलं. त्या संध्याकाळी वर्गात अकरा चुका नेहमीसारख्या म्हटल्या. दिसत नव्हतं तरी एकही अडली नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता ते माझ्या दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत पत्त्यांची वही. माझी बायको म्हणाली, "सर, चहा घेऊन जा." ते म्हणाले, "आल्यावर. दोन मिनिटांचं काम आहे. दारावरचा आकडा बघायचा आणि परत." मला म्हणाले, "पेन घ्या. मला अजून ओळ दिसत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा."

आमच्या चाळीपासून ती वसाहत साडेपाच किलोमीटरवर आहे. बसने पस्तीस मिनिटं लागली. सर वही मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. इमारत तेवीस सापडली. खालच्या पाटीवर कासारे नाव होतं, दुसरा मजला.

"पाटीवर आहे, सर. लिहू का?"

"दार बघितलं पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही थांबा इथे. दोन मिनिटं."

कठड्याला धरून ते एकेक पायरी चढत गेले. वर बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. बोलणं ऐकू आलं नाही, मीही ऐकायचा प्रयत्न केला नाही. मग दार लागलं.

मी खाली बाकावर बसलो. दोन मिनिटं झाली, वीस झाली. एक तास दहा मिनिटं मी थांबलो आणि मग एकटाच बसने घरी आलो. वही सरांबरोबर वर होती. नोंद करायचं पेन माझ्या खिशात होतं, आणि ते मागायला कोणी खाली आलं नव्हतं.