देवरेसरांची अ‍ॅलिस

आमच्या मजल्यावरचे देवरेसर दर सोमवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडतात आणि चारशे वर्षांपूर्वीची बातमी आत्ताच आल्यासारखी सांगतात. "थॉमसने पुन्हा तारीख मागितली हो! काय म्हणावं या माणसाला!"

हा थॉमस इंग्लंडचा. बाप गेल्यावर त्याने पाणचक्की एकट्याने बळकावली, म्हणून बहिणीने, अ‍ॅलिसने, लंडनच्या कोर्टात दावा लावला. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. तिकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाव्याच्या कागदांच्या प्रती पाठवल्या, तेव्हापासून सर आठवड्याला एक पान वाचतात. दुसरं उलटून बघत नाहीत. माझी आई थॉमसला रोज शिव्या घालते.

बाकी कशालाही सरांचं उत्तर एकच. उद्या पाणी येणार का? "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." चहात साखर कमी आहे का? "न्यायप्रविष्ट." मला हा विनोद वाटायचा. मग कळलं, सरांवरच दावा आहे, तोही सख्ख्या बहिणीचा.

वडील गेले त्या वर्षी सर भाऊबीजेला देवळ्याला ताईंकडे गेले. ताटात ओवाळणीची साडी ठेवली आणि साडीखाली हक्कसोडपत्र. सातपूरपलीकडच्या शेतात बहिणीने हिस्सा मागायचा नाही, अशी सही त्यावर हवी होती. आमच्याकडे बहिणी मुकाट्याने करतात अशा सह्या. ताईंनी साडी परत केली आणि कोर्टात गेल्या.

आणि हा माणूस अ‍ॅलिसची बाजू घेतो! मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. सर खाली बघत म्हणाले, "तिकडचं मला स्पष्ट दिसतं."

तारखेला सरांना गाडीने मीच नेतो. ताई एसटीने येतात. बाकावर एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला ताई, मध्ये मी. दोघांचं बोलणं बंद. ताई डबा माझ्या मांडीवर ठेवतात. "सांगा तुमच्या सरांना, मीठ कमी हाय. बीपी हाय ना त्यांना." सर डबा चाटूनपुसून खातात. मग ताई मलाच विचारतात, "त्या बाईचं काय झालं पुढं?" आणि सरही माझ्याचकडे बघून साठलेली सगळी पानं सांगतात. एकदा ताई म्हणाल्या, "तो थॉमस आमच्याच घरचा वाटतो बघा." सर हसले, ताईही हसल्या. वकिलांनी पुढची तारीख सांगितली की दोघंही एकदमच मान डोलवतात.

गेल्या तारखेला अ‍ॅलिसचं एकच पान उरलं होतं, निकालाचं. सर ते न वाचताच खिशात घालून आले. पण ताई आल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला.

"मामा, आईचे गुडघे गेले. एसटीत चढवत नाय. म्हणली, दावा काढून घे, सगळं मामालाच राहू दे."

सरांच्या वकिलांनी हात पुढे केला. "अभिनंदन सर, जिंकलात!"

सरांनी तो हात हातात घेतला नाही. बाकाच्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते वकिलांना म्हणाले, "दावा आज काढायचा नाही. आधी अर्धं शेत तिच्या नावावर करायचे कागद करा." आणि भाच्याला विचारलं, "तुझी आई दुपारी घरी असते ना?"

देवळ्याच्या बाजारात त्यांनी गाडी थांबवून साडी घेतली. दुकानदाराने पिशवीत घातलेली साडी सरांनी बाहेर काढली, पूर्ण उलगडली, झटकली आणि पुन्हा स्वतः घडी घातली.

"काय बघताय सर?"

"आत काही राहिलं नाही ना, ते."

ताई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. सर समोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता माझ्याकडे वळतील. पण नाही वळले.

"मीठ कमी घाल हं," ते थेट ताईंनाच म्हणाले. "बीपी आहे मला."

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "ठाऊक हाय मला. बस आधी. त्या बाईचं काय झालं ते सांग."