रुमालाखालचा करार

सन १९४६ च्या उन्हाळ्यात सांगलीतील एका कॉलेजच्या अध्यापकांना आपल्यावर अन्याय होत असल्याचे एकमताने आढळून आले. त्याआधी तो प्रत्येकाला आपापल्या घरी आढळत असे. एकमत होताच संघ स्थापन झाला आणि तर्कशास्त्राचे मानसिंगराव त्याचे अध्यक्ष झाले.

निमित्त होते गणिताच्या आकारामरावांचे. हे पलूसचे गृहस्थ कॉलेज निघाल्यापासून लेक्चरर होते आणि बढतीच्या वेळी त्यांना दोनदा डावलले होते. लेक्चररने पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हावे आणि प्रोफेसरने साठाव्या, असा नियम होता. प्रोफेसर कमी शिकवतात, म्हणून कमी झिजत असावेत. आकारामरावांना जूनमध्ये पंचावन्न पुरी होणार होती. प्रोफेसरची एकच जागा रिकामी होती. ती हुकली तर नोकरीबरोबर कॉलेजने राहायला दिलेल्या खोल्याही सुटणार आणि धाकट्या मुलीची शाळा अर्धवट राहणार. म्हणून संघाने मागणी केली की बढती ज्येष्ठतेनेच व्हावी आणि तसे करारनाम्यात लिहावे.

नियामक मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब हळदीचे अडते होते. त्यांनी मागणी तत्काळ मान्य केली. ज्येष्ठता कशी मोजायची, एवढा किरकोळ तपशील राहिला. तो त्यांनी पेठेतल्या रिवाजाने मिटवायचे ठरवले. हळदीच्या सौद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबतात, आणि काय ठरले ते त्या दोघांनाच ठाऊक असते.

"उघड्यावर बोललं की बाजार बिघडतो," लालासाहेब म्हणाले. "एकेकानं यायचं. जेवढी बोटं दाबीन, तेवढा तुमचा नंबर. एक बोट म्हंजे पयला. भाईर जाऊन जो बोलला, त्येचा सौदा मोडला."

हे तत्त्वाला सोडून आहे, असे मानसिंगरावांनी ठणकावून सांगितले. मग चहा झाला. चहानंतर संघाच्या ध्यानात आले की आकारामरावांची बाजू मांडायची तर प्रत्येकाने रुमालाखाली हात घालणे भागच आहे. करारनाम्यात कलम पडले: 'ज्येष्ठताक्रम रुमालाखाली निश्चित होईल. त्याची वाच्यता करणाऱ्याचा क्रमांक रद्द समजावा.'

एकेक जण आत जाऊन आला. बाहेर येणारा प्रत्येक जण आकारामरावांच्या पाठीवर हात ठेवी आणि दुसरीकडे बघत सांगे, की तुमचेच काम करून आलो. आकारामराव शेवटी गेले. लालासाहेबांनी त्यांचे एकच बोट दाबले, चांगले घट्ट. बाहेर आल्यावर सहकाऱ्यांकडे पाहून त्यांना गहिवरून आले. ही सगळी माणसे आपल्यासाठी मागे सरली, असे त्यांना वाटले. करारनाम्यावर सर्वांनी आनंदाने सह्या केल्या. एवढा आनंद कशाचा, हे कोणी कोणाला विचारले नाही.

घरी मनुबाई भांडी पोत्यात भरत होती.

"आगं, ऱ्हाऊ दे ती," आकारामराव म्हणाले. "हितंच ऱ्हायाचं."

कसे, ते मात्र त्यांनी बायकोलाही सांगितले नाही. शेवटी कलम ते कलम.

जूनमध्ये प्रोफेसरची जागा लालासाहेबांचे जावई सयाजीराव यांना मिळाली. ते आदल्याच आठवड्यात पुण्याहून आले होते आणि त्यांचाही नंबर रुमालाखालीच ठरला होता. आकारामराव तडक मानसिंगरावांकडे गेले आणि संघाने जाब विचारावा म्हणाले. मानसिंगरावांचा चेहराही उतरलेला होता, पण जाब कशाचा विचारायचा, हे त्यांना समजेना. बोलताना त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही. आकारामराव त्या खिशाकडे बघत राहिले. एवढे सोपे गणित त्यांना इतक्या उशिरा सुटावे, याचे त्यांना फार वाईट वाटले.

"तुमचंबी एकच बोट का?" त्यांनी विचारले.

"हळू बोला," मानसिंगराव म्हणाले. "माझा नंबर जाईल."

संघाने आकारामरावांना निरोप दिला. मानसिंगराव एकजुटीवर बोलले आणि टाळ्या पुष्कळ पडल्या. दुसऱ्या दिवशी मनुबाईची पोती गाडीत चढली आणि मुलीसह बिऱ्हाड पलूसला गेले.

लालासाहेबांनी कोणालाच फसवले नाही. पहिला नंबर त्यांनी सर्वांना दिला आहे, आणि यापुढे जागा निघाली की ती पहिल्यालाच मिळेल. अध्यापक वाट पाहत आहेत. संघ मजबूत आहे. हे वाचून ज्यांना हसू आले, त्यांनीही आपले बोट कोणी दाबून ठेवले आहे ते सांगू नये. क्रमांक रद्द होतो.