हद्दीपलीकडचं मोहोळ

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मातेव्झच्या मधमाश्यांनी ब्रेस्तोवो पंचायतीची हद्द ओलांडली. माणसांना ती ओलांडायला तीन आठवड्यांपासून बंदी होती. साथ वाढत चालली होती आणि सरकारने फर्मान काढलं होतं, की ज्याने त्याने आपापल्या पंचायतीत राहावं. स्लोव्हेनियासारख्या चिमुकल्या देशात पंचायती दोनशेच्या वर. त्यामुळे कुणाच्याही घरातून जरा लांब ढांग टाकली की हद्द आडवी यायची. मातेव्झच्या घरापासून तर ती ओढ्यावरच्या पुलाइतकीच लांब होती. पुलाच्या अलीकडे ब्रेस्तोवो, पलीकडे यासेन. अडतीस वर्षं पोस्टमन म्हणून त्याने दोन्हीकडे पत्रं वाटली, पण पुलाच्या मधोमध काही रेघ आहे हे त्याला एकाहत्तराव्या वर्षी, पोलिसांनी तिथे तंबू ठोकल्यावर कळलं.

मोहोळ उठलं तेव्हा मातेव्झ दाढी करत होता. उजवा गाल झाला होता, डावा फेसात होता. खिडकीबाहेर एकदम गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला आणि त्याच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. हिवाळ्यात त्याच्या सात मधपेट्यांपैकी पाचांतल्या माश्या मेल्या होत्या. उरलेल्या दोनांतली जी खरी दणकट, तिच्यातली निम्मी प्रजा जुन्या राणीला घेऊन नवं घर शोधायला निघाली होती.

तोंडावर जाळीची टोपी, काखेत रिकामी पेटी, हातात मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश, अशा थाटात तो फाटकातून पळत सुटला.

"मास्क," मागून पावला ओरडली. हा सरकारी नियम बायकोने सरकारपेक्षा मनावर घेतला होता. स्वयंपाकघरातला चेरीच्या चित्रांचा पडदा फाडून तिने अर्ध्या गावाला मास्क शिवून दिले होते.

"जाळी आहे की तोंडावर."

"जाळीतून माशी जात नाही, जंतू जातो. घे हा."

मास्क लावेपर्यंत मोहोळ पूल ओलांडून यासेनच्या बाजूच्या लिंबोणीएवढ्या एका ठेंगण्या नासपतीच्या झाडावर जाऊन बसलंसुद्धा. काळपट तपकिरी, हलता घोस. पुलापासून फार तर चाळीस पावलं.

पुलावर दार्या होती. पोलीस खात्यात पंधरा वर्षं काढलेली बाई, पण मातेव्झला ती अजून दारात उभी राहून आजोळची पत्रं मागणारी मुलगीच वाटायची. तिने पोलिसांची गाडी पुलाच्या मधोमध आडवी न लावता उभी लावली होती. पुढची चाकं यासेनमध्ये, मागची ब्रेस्तोवोत.

"मातेव्झकाका, कुठे निघालात?"

"माश्यांच्या मागे."

"त्या कुठे आहेत?"

"त्या बघ. नासपतीवर."

"म्हणजे यासेनमध्ये," दार्या म्हणाली. "तुम्ही ब्रेस्तोवोचे."

"अगं, शेतीच्या कामाला सूट आहे ना? पेपरात वाचलंय मी."

"आहे. पण शेत पलीकडे असेल तर. तुमचं शेत पलीकडे आहे का?"

"शेत अलीकडेच आहे. काम पलीकडे गेलंय."

दार्या हसली असावी. मास्कमुळे नीट कळलं नाही. बाई मनाने वाईट नव्हती, पण कालच एका माणसाला मावशीच्या कोंबड्यांना दाणे घालायला सोडलं म्हणून वरच्या साहेबाने तिला फोनवर पाऊण तास कायदा शिकवला होता. तपासात तिथे कोंबड्या निघाल्या नव्हत्या, मावशीही निघाली नव्हती, निघाला होता तो एक बार्बेक्यू. तेव्हा आज ती विचारल्याशिवाय काही करणार नव्हती. ती गाडीत बसली, काचा वर केल्या आणि साहेबाला फोन लावला. थोड्या वेळाने काच बोटभर खाली आली.

"साहेब म्हणतात, जनावरांची देखभाल करायला जाता येईल. पंचायतीचा दाखला लागेल. पंचायत बंद आहे, ईमेल करा. त्यात जनावरांची संख्या लिहावी लागते. किती आहेत?"

"पंधरा हजार असतील."

काच वर गेली. आत बरंच बोलणं झालं. काच खाली आली.

"साहेब विचारतात, एवढी जनावरं कुणाच्या परवानगीने नेली?"

मातेव्झने घरी फोन करून पावलाला ईमेल करायला सांगितलं आणि तो पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिला. चष्म्यावर वाफ, मास्कवर जाळी, जाळीवर ऊन. नजर मात्र त्याने नासपतीवरून हलू दिली नाही. मधपाळांचा जुना रिवाज आहे, आपल्या मोहोळामागे माणूस जोवर आहे तोवर ते त्याचं. पाठ फिरवली की ज्याला सापडेल त्याचं. म्हणून तर त्याला लघवीला जायचं असूनही तो जागचा हलत नव्हता.

आणि तेवढ्यात पलीकडच्या रस्त्याने विंको आला. त्याच्याही काखेत पेटी होती.

विंको झुपान आणि मातेव्झ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधपाळ संघाच्या सभेत विंकोने सगळ्यांदेखत मातेव्झच्या मधाची बाटली उजेडात धरली होती आणि "यात पाणी किती नि मध किती?" असं विचारलं होतं. तेव्हापासून मातेव्झ विंकोच्या दारात पत्रं टाकायचा ती सुद्धा मान वळवून.

विंको नासपतीपाशी थांबला. वर बघितलं, मग पुलाकडे बघितलं.

"माझं आहे ते," मातेव्झ म्हणाला. नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"नाव लिहिलंय?"

"राणीच्या पाठीवर हिरवा ठिपका आहे."

"गेल्या वर्षीच्या प्रत्येक राणीला हिरवाच ठिपका लावतात. साऱ्या जगात. माझ्याही राणीला होता."

"मी इथून बघतोय त्यांच्याकडे. रिवाज तुला माहीत आहे."

"मीपण बघतोय. आणि जास्त जवळून."

असा बराच वेळ गेला. विंको हात लावत नव्हता, कारण मोहोळ दुसऱ्याचं आहे हे त्याला मनातून ठाऊक होतं. जातही नव्हता. हे मातेव्झला चमत्कारिक वाटलं. विंको हावरट नव्हता. तिरसट होता, आगाऊ होता, पण अडतीस वर्षांत त्याने चुकून आलेलं पत्र एकदाही उघडलं नव्हतं.

माणसांच्या या पेचाची माश्यांना कल्पना नव्हती. ऊन चढलं तशा त्या नासपतीवरून उठल्या, पुलावर दोन घिरट्या घातल्या आणि पोलिसांच्या गाडीवर उतरल्या. आधी आरशावर, मग आरशाखाली, मग चालकाच्या दाराच्या कडीवर. पाच मिनिटांत दाराला घोंगडी लटकवल्यासारखं झालं.

दार्या आत होती. काचा वर. पलीकडच्या दाराला पुलाचा कठडा इतका लागून होता की तिकडून मांजरही निघालं नसतं. पोलिसीणबाई विलगीकरणात गेल्या.

मग गाडीच्या टपावरचा कर्णा खरखरला.

"काका. काहीतरी करा."

"माझा दाखला यायचाय अजून," मातेव्झ म्हणाला. तो कुचकेपणाने बोलला नव्हता, त्याला खरंच दंडाची भीती होती. पण दार्याला ते तसं लागलं.

"काका, मी डब्यातलं खाल्लेलं नाही, आत ऊन तापलंय आणि काच उघडता येत नाही," कर्णा म्हणाला. "गाडीच्या दारापर्यंत ब्रेस्तोवो आहे. तिथवर या. मी बघते साहेबांचं."

एवढ्यात ब्रेस्तोवोकडून दुधाचा टँकर आला. यासेनकडून पावाची गाडी आली. तिच्यामागे एक ट्रॅक्टर. चालक उतरून दीड-दीड मीटरवर उभे राहिले आणि प्रत्येकाने सल्ला द्यायला सुरुवात केली. दूधवाल्याचं म्हणणं होतं गाडीच सावकाश मागे घ्यावी. ट्रॅक्टरवाला म्हणाला पाणी मारा. पाववाला काही म्हणाला नाही, तो फोटो काढत होता.

अडचण अशी होती की मोहोळ एकट्याने उतरवता येत नाही. एकाने खाली पेटी धरायची, दुसऱ्याने एका हिसक्यात ब्रश फिरवायचा. पुलावर हे काम येणारी माणसं दोनच, दोन वेगवेगळ्या पंचायतींची, दोन वेगळ्या घरांतली. त्यांनी जवळ येणं सरकारला मंजूर नव्हतं आणि सरकारच्या आधीपासून त्यांनाही नव्हतं.

"तू पेटी धर," मातेव्झ शेवटी म्हणाला. "माझ्या ब्रशचा दांडा लांब आहे."

विंको यासेनच्या बाजूने पुढे आला. खाली वाकून त्याने दाराखाली पेटी धरली. मातेव्झ ब्रेस्तोवोत पाय रोवून, दांड्याच्या टोकाला ब्रश धरून उभा राहिला. दोघांच्या मध्ये दीड मीटर आणि पंधरा हजार माश्या.

"थोडं वर," कर्णा म्हणाला. दार्याला आतून सगळं उलटं पण छान दिसत होतं. "आता डावीकडे. माझ्या डावीकडे."

विंकोच्या हातातली पेटी थरथरत होती. मातेव्झला वाटलं, घाबरला. मग त्याने नीट बघितलं. पेटी जुनी होती, कडेला मेणाचे डाग होते, आतल्या चौकटींतलं पोळं कोरडं ठणठणीत होतं. घासून पुसून, आतून धग देऊन निर्जंतुक केलेली पेटी. जिच्यात काही उरलं नाही अशीच पेटी माणूस अशी साफ करतो.

"तुझ्या किती राहिल्या?" त्याने हळूच विचारलं.

विंकोने मान वर केली नाही. "बारा होत्या."

"आणि आता?"

"शेवटची फेब्रुवारीत गेली."

'माझ्याही राणीला होता.' होता म्हणाला होता तो.

"आणि मारिंका कशी आहे?" विंकोची बायको दोन वर्षांपासून शहराजवळच्या वृद्धाश्रमात होती, हे निवृत्त पोस्टमनलाही माहीत असणारच.

"मार्चपासून भेटायला बंदी आहे. खिडकीतून हात करते. मागच्या आठवड्यात काचेतून विचारत होती, पेट्यांत काय चाललंय. मी सांगितलं, जोरात चाललंय." विंकोने पेटी दुसऱ्या हातात घेतली. "आता बोलून बसलोय."

मातेव्झने दम घेतला आणि ब्रश एकदाच, वरून खाली, स्वच्छ फिरवला. ओल्या रेतीचा ढीग पडावा तसा आवाज करत मोहोळ पेटीत पडलं. विंकोने पेटी अलगद पुलावर ठेवली आणि झाकण फटीपुरतं उघडं सोडलं. दोघं वाकून बघत राहिले. फटीपाशी पाच-सहा माश्या बुडं वर करून पंख हलवू लागल्या, म्हणजे राणी आत होती. बाहेर उडणाऱ्या सगळ्याजणी तिच्या वासावर रांगेने आत जाऊ लागल्या.

"शिस्तीत जातायत," विंको म्हणाला.

"माझ्या आहेत," मातेव्झ म्हणाला.

दार्या दार उघडून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिने पाठ मोकळी केली आणि दूधवाल्याने दिलेलं अर्धा लिटर दूध पाठ फिरवून, मास्क खाली ओढून, एका दमात प्यायली. वाहनं हलायला लागली.

त्याच वेळी पावला सायकलवरून आली. तोंडाला चेरीचा मास्क, हातात छापलेला कागद. "आला," ती म्हणाली. "पंचायतीच्या बाई घरून काम करतात, बिचारीने लगेच पाठवला. पंधरा हजार जनावरं परत आणायला परवानगी. शिक्का पण आहे."

मातेव्झने कागद घेतला, वाचला, चार घड्या घातल्या आणि विजारीच्या खिशात कोंबला. विंको पेटीपाशी होता, त्याला ऐकू गेलं नव्हतं.

"दार्या," मातेव्झ मोठ्याने म्हणाला, "परगावाहून आलेल्या माणसाला तुम्ही किती दिवस एका जागी ठेवता?"

दार्याच्या फोनवर तो दाखला पाच मिनिटांपूर्वीच येऊन पडला होता. तिने मातेव्झच्या खिशाकडे बघितलं, विंकोच्या पेटीकडे बघितलं.

"चौदा," ती म्हणाली.

"आणि जनावरांना?"

"जनावरांना पण चौदाच असतील. साहेबांना विचारायला नको."

"ऐकलंस?" मातेव्झ विंकोला म्हणाला. "या यासेनच्या झाडावर बसून आल्या. लगेच परत आणल्या तर मला दंड. चौदा दिवस तुझ्याकडे ठेवाव्या लागतील. पहिले दोन दिवस साखरपाणी दे. दाट नको करू."

"साखरपाणी कसं करतात ते मला शिकवू नकोस," विंको म्हणाला. त्याने पेटी उचलली, छातीशी धरली आणि जराही न थरथरता पूल उतरून गेला.

पावला नवऱ्याकडे बघत सायकल धरून उभी होती. तिने हात पुढे करून त्याची टोपी काढली आणि मास्कच्या कडेने बाहेर डोकावणारा वाळका फेस आपल्या रुमालाने पुसला.

पंधराव्या दिवशी दुपारी, हद्दीची बंदी उठून आठवडा झाला होता, तेव्हा मातेव्झच्या घरचा फोन वाजला. ताटात सूप वाढलेलं होतं.

"विंको बोलतोय. तुझ्या माश्यांचे चौदा दिवस झाले. पूलही मोकळा आहे. कधी येतोस घ्यायला?"

"त्यांना ताप-बिप?"

"नाही."

"खोकला?"

"माश्यांना कसला खोकला?"

"तेच तर," मातेव्झ म्हणाला. "डॉक्टर टीव्हीवर काय सांगतात? बऱ्याचजणांना लक्षणंच दिसत नाहीत. तू अजून चौदा दिवस ठेव. त्यानंतर बघू."

मग विंको बाभळीचा फुलोरा कधी येईल, राणीने किती चौकटी अंड्यांनी भरल्या, मारिंका खिडकीतून काय म्हणाली, हे सगळं सांगायला लागला. चाळीस मिनिटं झाली. सूप गार झालं. पावलाने ते दोनदा गरम केलं, तिसऱ्यांदा केलं नाही, आणि मातेव्झ मात्र हं, हं करत, एकदाही मध्ये न बोलता ऐकत राहिला.