मोर्चा एअरप्लेन मोडवर

"मॅडम, मोर्चात पोलिसांपासून फोन कसा वाचवायचा?"

हॉलमध्ये पंख्यांनीसुद्धा श्वास रोखला! सायबर सुरक्षेवर बोलायला आलेल्या मॅडम स्वतःच पोलीस, अंगावर कडक खाकी, आणि दहावी 'ब'मधली क्षिप्रा त्यांनाच हे विचारत होती. "हिंमत असेल तर विचारून दाखव," ही तिच्या मैत्रिणींची, हेमांगी आणि सोनलची, पैज. प्रश्न सुटला आणि दोघी बाकाखाली गडप, बुटाची नाडी बांधायला!

मॅडम मात्र हसल्या. "वाचव की! फोन तुझा आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. बोटाने, चेहऱ्याने उघडणारं कुलूप बंद करा, लांबलचक पासवर्ड ठेवा, लोकेशन बंद, शक्यतो एअरप्लेन मोड, आणि दुसऱ्याचा चेहरा त्याला न विचारता कुठेही टाकू नका.

झालं! क्षिप्रा जमिनीच्या चार बोटं वरून चालायला लागली.

सहामाहीच्या सुट्टीत मोर्चा ठरलाच होता. कोलशेतच्या त्यांच्या खेळाच्या मैदानावर पार्किंग होणार होतं. ते अडवायला बिल्डिंगमधली सव्वीस पोरंपोरी पालिकेच्या कार्यालयात निवेदन घेऊन निघाली. क्षिप्राच्या आईने, हेमाने, परवानगी दिली ती अट घालून.

"पोचलीस की मिस्ड कॉल दे. नाही आला, तर क्लास सोडून कुठेही जाणं बंद!"

"अगं आई, मी काय बालवाडीत आहे का?"

"तेव्हा बाई कळवायच्या. आता तू कळव."

खाली गेटपाशी क्षिप्राने फौजेची तपासणी घेतली. "कोणाकोणाचा वाढदिवस पासवर्ड आहे?" सव्वीस हात वर! "बदला!" स्वतः तिने आजीची जन्मतारीख, घराचा नंबर आणि बाबांच्या चपलेचा नंबर जोडून असा पासवर्ड केला, की ब्रह्मदेवालाही उघडता येऊ नये. "आता सगळे एअरप्लेन मोडवर!" सव्वीस फोन एकदम मौनव्रतात गेले.

कार्यालयासमोर घोषणा दणाणल्या. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून साहेब डोकावले. मग शिपाई विठ्ठल खाली आला. "साहेब म्हणतात, पोरं आहेत, भूक लागली की जातील."

भूक खरंच लागली! तासाभरात घोषणा कण्हल्यासारख्या यायला लागल्या. तेवढ्यात सोनल म्हणाली, "ए, तू आईला मिस्ड कॉल दिलास ना?"

क्षिप्राने घाईघाईने फोन काढला. पण बाबांची चप्पल आठची की नऊची? आठ, चूक. नऊ, चूक. सात, दहा, सगळंच चूक! फोन म्हणाला, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

सोनलचा फोन मागेपर्यंत रिक्षा आल्या. एकामागून एक! तिकडे बिल्डिंगच्या ग्रुपवर भडका उडाला होता. 'क्षिप्राचा फोन लागत नाही.' 'आमच्या सोनलचाही!' 'अगं बाई, सगळ्यांचेच!' कोणी गाऊनवर ओढणी टाकून आलं, कोणाच्या हाताला कणीक, हेमांगीची आई तर झारा घेऊनच उतरली! सगळ्यांत पुढे हेमा, मागे ऑफिसची ऑनलाइन मीटिंग तशीच टाकून आलेले बाबा, प्रभाकरराव.

"कुठे उलथली होतीस?"

"आई, इथेच! मोर्चात!"

"आणि फोन?"

"एकदम सुरक्षित आहे!"

"उघड!"

"बाबा... तुमच्या चपलेचा नंबर काय हो?"

प्रभाकररावांनी खाली पाहिलं. "आत्ता ना... घाईत तुझ्या आईच्या घालून आलोय."

बंदोबस्तावर त्याच खाकी मॅडम होत्या. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "अगं, एअरप्लेन मोडच्या आधी घरी कळवायचं, हे सांगायचं राहिलंच माझं!"

तोवर वरच्या खिडकीतून साहेबांना दिसलं ते भलतंच. वीसपंचवीस बायका, कमरेवर हात, एकाच वेळी ओरडतायत, एकीच्या हातात झारा! त्या आपापल्या पोरांना झापतायत हे काचेतून ऐकू येत नव्हतं. साहेब दोनदोन पायऱ्या उतरत आले. "ताई, शांत व्हा! तुमचं ऐकल्याशिवाय कामाला हात लावणार नाही!" निवेदनावर शिक्कासुद्धा त्यांनी उभ्याउभ्याच मारला.

पोरांनी जल्लोष केला. हेमाने नाही केला.

परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "अट आठवते ना?"

क्षिप्राने दीर्घ श्वास घेतला. "आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या मोर्चाला फोन घरीच ठेवणार आणि तुम्हा दोघांना बरोबर नेणार! आणि बाबा, घरी गेल्यावर आधी तुमच्या चपला दाखवा. फोन अजून उघडायचाय."