दाराचं तोंड बंद

गॅरेजचं दार उघडलं की सगळं घर दचकायचं. वर सरकताना ते आधी कण्हायचं, मग कुरकुरायचं आणि शेवटी अशी काही किंकाळी फोडायचं की वरच्या मजल्यावर दाढी करणाऱ्या सासऱ्यांचा हात जागच्या जागी थांबायचा. "जावईबापू, त्या दाराला तेल घाला हो," असं ते रोज सकाळी वरून ओरडायचे आणि जावई खालून "आज घालतोच" म्हणायचा. वर्षभर हे असं सुरळीत चाललं होतं.

तेल न घालण्याचं कारण आळस नव्हता, धसका होता. या गृहस्थानं घरात ज्या वस्तूला हात लावला तिची वाट लागली. त्यानं दुरुस्त केलेलं स्वयंपाकघरातलं कपाट गुडघ्यानं रेटल्याशिवाय उघडत नसे. त्यानं बसवलेला नळ बंद करायला गेलं की जोरात सुरू व्हायचा. बायको कधी चिडली नाही. "राहू दे, मी माणूस बोलावते," एवढंच म्हणायची, आणि नेमकं तेच त्याला लागायचं. आयुष्यात एकदा तरी तिनं आपलं काम बघून "छान जमलंय" म्हणावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

तिची बढतीची मुलाखत ठरली तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं की त्या दिवशी ती या कुरकुरीवर बाहेर पडणार नाही. आदल्या दुपारी ती ऑफिसात आणि सासरे गाढ झोपेत असताना त्यानं काम काढलं. हार्डवेअरच्या दुकानदाराला त्यानं सगळं विचारून ठेवलं होतं. रुळांना तेल लावायचं नाही, ते नुसते कोरड्या फडक्यानं पुसायचे. तेल चाकांना, बिजागऱ्यांना आणि वरच्या स्प्रिंगला, तेही बेतानं. आणि स्प्रिंगचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. हे शेवटचं सांगताना दुकानदारानं त्याच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं होतं.

त्यानं सगळं तस्संच केलं आणि दार वर ओढलं. आवाज नाही. खाली घेतलं. तरीही नाही. आपल्यालाच ऐकू येईनासं झालं की काय, अशी शंका येऊन तो खोकला. खोकला व्यवस्थित ऐकू आला. मग मात्र त्याला इतका आनंद झाला की तेलकट हातांनीच त्यानं डोळे पुसले आणि उरलेली दुपार डोळे धुण्यात घालवली. घरात तो कुणालाही काही बोलला नाही. सांगण्यात काय मजा? तिनं स्वतः बघायला हवं होतं.

सकाळी तो लवकर खाली उतरला, दार उघडलं आणि गाडीला टेकून, घरातून गॅरेजात उतरणाऱ्या जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. ती येईल, उघडं दार बघेल, थबकेल. तिच्या चेहऱ्याकडे आपण कसं पाहायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. ती काही येईना. ती उत्तरं घोकत असणार, आणि आज मला कुणी हाक मारायची नाही, असं तिनं रात्रीच बजावलं होतं. हॉर्न वाजवायची सोय नव्हती, फोन वर राहिला होता. तो तसाच उभा राहिला. उभं राहून पायाला मुंग्या आल्या तेव्हा गाडीत बसला. मग बाहेर येऊन पुन्हा टेकला. जिन्यावर चिटपाखरू नाही. काय चाललंय, त्याला काही कळेना.

शेवटी न राहवून तो वर गेला. बायको नव्हती. सासरे टेबलाशी बसले होते, समोर रिकामा कप.

"ती कुठंय?"

"गेली की टॅक्सीनं. पुढच्या दारानं. वेळेत पोचेल, काळजी करू नका." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "होतं असं, जावईबापू. मनाला लावून घेऊ नका."

"काय होतं?"

"दार अडकणं."

"अहो, दार उघडं आहे!"

सासऱ्यांनी त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. "बरं. उघडं आहे. तुम्ही आधी बसा."

हळूहळू उलगडा झाला. दाराची किंकाळी ऐकली की सासरे दाढी अर्धवट टाकून चहाचं आधण ठेवत आणि ती पर्स उचलून खाली येई. वर्षभर सगळं घर त्या आवाजावर चालत होतं. आज आवाज नाही म्हणजे दार उघडलं नाही, आणि दार उघडलं नाही म्हणजे यानं कालच त्याला हात लावला असणार. तिनं फोन केला तर तो टेबलावरच वाजला. खाली जाऊन बघितलं तर तो ओशाळेल, म्हणून ती चपला हातात घेऊन गुपचूप पुढच्या दारानं गेली होती. "चला खाली, दाखवतो," असं त्यानं परोपरीनं विनवलं, पण सासऱ्यांनी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. "मी काय बहिरा झालोय? उघडलं असतं तर ऐकू नसतं आलं?"

संध्याकाळी ती खुशीत परतली. अडचण आली तर काय करता, असं मुलाखतीत विचारलं होतं म्हणे, आणि तिनं सकाळचाच प्रसंग नाव न घेता सांगितला होता. "आणि दाराचं टेन्शन घेऊ नकोस हं. उद्या माणूस येतोय."

तो तिला हाताला धरून गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिनं दाराला हात लावला तर ते नुसतं वर गेलं. तिनं ते खाली घेतलं, पुन्हा वर नेलं, मग वाकून चाकं पाहिली.

"हे तू केलंस?"

"हो."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

"तू बघावंस असं वाटलं."

ती बराच वेळ हसत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "छान जमलंय रे." दुरुस्तीच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगायला तिनं लगेच फोनही केला. बाबांना समजावायला दोघं वर गेली, तर ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार उघडलं आणि वाट पाहिली. वर सगळं सामसूम. तिनं दार पाहिलं होतं, पण सवय कुठं जाते? जिना चढून हाक मारता आली असती, पण कालचा सासऱ्यांचा तो मायेचा चेहरा त्याला आठवला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला, आधी कण्हला, मग कुरकुरला आणि शेवटी डोळे मिटून जोरात किंचाळला.

वर भांडं गॅसवर आदळलं. पर्सची चेन सरकली. जिन्यावर बायकोची हसत येणारी पावलं वाजली आणि त्यांच्याही वरून सासऱ्यांचा आवाज आला.

"लागलं बुवा दार एकदाचं चालायला! जावईबापू, आता तेवढं तेल घाला हो."