न अडकलेलं लॉक

गुरुवारी सकाळी दहा वाजता लिंडसे पायबस स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला होता आणि टेबलावर, लोण्याच्या डबीशेजारी, ते इंजेक्शनचं यंत्र पडलं होतं. टॉर्चएवढं, करड्या रंगाचं, दिसायला अगदी गरीब. समोर त्याची बायको ग्वेन्डा झगा गुडघ्याच्या वर सरकवून तयार होती आणि डाव्या बाजूला नर्स फेनेला हातात फॉर्म घेऊन बसली होती. फेनेलाला आठवा महिना लागला होता. त्यामुळे टेबल आणि ती यांच्यात अंतर बरंच पडलं होतं.

गेली दीड वर्षं फेनेला दर गुरुवारी डोंगर उतरून यायची, ग्वेन्डाला संधिवाताचं इंजेक्शन द्यायची आणि एक कप चहा व दोन बिस्किटं घेऊन जायची. आता ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती, आणि तिच्या जागी दुसरी नर्स यायला तीन महिने लागणार होते. ग्वेन्डाची बोटं इतकी सुजलेली असत की बरणीचं झाकणही उघडत नसे, तिथे यंत्राचं बटण काय दाबणार? म्हणजे राहिला नवरा. फेनेलाचे तीन गुरुवार उरले होते. त्यातल्या एका गुरुवारी लिंडसेनं तिच्यासमोर इंजेक्शन नीट देऊन दाखवायचं आणि तिनं फॉर्मवर सही करायची. सही झाली नाही, तर ग्वेन्डाची रवानगी लॉन्सेस्टनला, थोरल्या बहिणीकडे, ॲविसकडे. ॲविसच्या घराच्या कोपऱ्यावरच दवाखाना होता. ॲविसनं खोलीला रंगही काढून ठेवला होता.

ग्वेन्डा मागे एकदा नऊ दिवस ॲविसकडे राहिली होती. ते नऊही दिवस लिंडसेनं पत्र्याच्या डब्यातले घेवडे खाल्ले होते आणि सातव्या दिवसापासून तो किटलीशी बोलायला लागला होता. तीन महिन्यांचा हिशेब त्यानं मनात मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

आता यात अवघड काय, असं कुणीही विचारील. अवघड एवढंच होतं की लिंडसेला सुईची भीती वाटायची. साधीसुधी नाही. सातव्या वर्षी शाळेच्या हॉलमध्ये लसीसाठी रांग लागली होती तेव्हा आपला नंबर यायच्या आधीच तो हेडमास्तरांच्या अंगावर कोसळला होता. त्यानंतर साठ वर्षं त्यानं सुईला तोंड म्हणून दाखवलं नव्हतं. यंत्रात बोट चिरलं तर टाके नकोत म्हणून वायरीची चिकटपट्टी गुंडाळायचा. आणि लग्नाला एकेचाळीस वर्षं होऊनही ही गोष्ट त्यानं ग्वेन्डाला कळू दिली नव्हती.

"सोपं आहे," फेनेला म्हणाली. "यंत्र तेच राहतं, दर आठवड्याला आत नवी सिरिंज बसवायची. सुई आत असते, दिसतसुद्धा नाही. हे टोक मांडीवर सरळ टेकवून दाबायचं, की लॉक सुटतं. मगच बटण दाबलं जातं. खिडकीत लालचं हिरवं झालं की संपलं."

"आणि सरळ नाही टेकवलं तर?"

"तर लॉक सुटणारच नाही. म्हणून तर लॉक आहे."

लिंडसेनं यंत्र उचललं. कानात समुद्र वाजत होता. टोक मांडीवर टेकवताना हात असा थरथरला की यंत्र एका बाजूला कललं. त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण दगडासारखं जागच्या जागी. लिंडसेनं डोळे उघडले, आणि त्याला त्या यंत्राबद्दल एकदम माया वाटली. ग्वेन्डाला आपल्या वतीनं नाही म्हणू शकेल अशी एकही वस्तू एकेचाळीस वर्षांत त्याला सापडली नव्हती.

"लॉक अडकलंय," तो म्हणाला.

फेनेलानं यंत्र घेतलं, टेकवलं, दाबलं. खट्. खिडकी हिरवी. "मला तर चाललं."

"कधी चालणार, कधी नाही. असला बिघाड सगळ्यात वाईट." हे त्यानं मिस्त्रीच्या आवाजात सांगितलं, कारण चौतीस वर्षं त्यानं सफरचंदं निवडायची यंत्रं दुरुस्त केली होती आणि तो आवाज त्याला आपोआप लागायचा. चूक झाली ती इथेच. फेनेलाला संशय आला, पण ग्वेन्डाचा नवऱ्याच्या कसबावर पूर्ण विश्वास होता.

"मग दुरुस्त कर की," ती म्हणाली. "खोऱ्यातलं एक यंत्र तू सोडलं नाहीस."

फेनेलानं बजावलं की यंत्र उघडायचं नाही, कंपनीचं सील आहे. हवं तर सरावाची सिरिंज ठेवून जाते, तिला सुई नसते, घालून बघा. हे ती सांगत होती तेव्हा लिंडसे खिडकीबाहेर बघत मान पुसत होता.

शनिवारी ग्वेन्डानं यंत्र आणि सिरिंज बिस्किटांच्या डब्यात घालून त्याच्या हातात दिली आणि त्याला शेडवर पाठवलं. शेड म्हणजे सफरचंदांचं जुनं गोदाम. निवृत्त झालेल्या पुरुषांनी घरात बायकांच्या पायात पायात न येता तिथे जाऊन ठोकाठोकी करावी, यासाठी गावानं ते राखून ठेवलं होतं. शेडचा अध्यक्ष ॲथॉल डिरीन, पूर्वीचा ट्रॅक्टर मेकॅनिक. आणि तिथला शेवटचा शब्द काझिमिरचा. हा म्हातारा तरुणपणी पोलंडहून धरणांच्या कामावर आला होता, आणि टास्मानियातल्या निम्म्या धरणांचे दरवाजे आपण बसवले असं सांगायचा. उरलेले गळतात, हेही सांगायचा.

अडकलेलं लॉक म्हटल्यावर दोघांचे डोळे लकाकले. महिनाभर ते पक्ष्यांची घरटी बनवत होते, कंटाळले होते. यंत्र न उघडता तपासायचं ठरलं. काझिमिरनं फळ्यावर खडूनं रकाने पाडले. लिंबावर दहा वेळा, मटणाच्या तंगडीवर दहा वेळा, आणि ॲथॉलच्या बायकोनं चहासाठी दिलेल्या खोबऱ्याच्या केकवर दहा वेळा. तीसच्या तीस वेळा लॉक सुटलं. केक कुणी खाल्ला नाही.

"लॉक ठणठणीत आहे," काझिमिर म्हणाला. "सरळ धरलं की सुटतं, वाकडं धरलं की नाही. आमचे दरवाजे याच्या निम्मे शहाणे असते तर माझे केस अजून काळे असते."

"मग बिघाड कुठाय?" ॲथॉलनं विचारलं.

काझिमिर लिंडसेच्या हाताकडे बघत राहिला. लिंडसेनं हात खिशात घातला.

वाचवलं ॲथॉलनं, म्हणजे त्याला तसं वाटलं. तो म्हणाला, म्हातारपणी हात हलायचाच, त्याला इलाज साचा. दीड तासात त्यांनी ह्युऑन पाइनच्या लाकडाचा एक गुळगुळीत साचा करून यंत्र त्यात बसवलं. खाली रुंद बैठक, मध्ये खाच. आता हात कितीही हलो, यंत्र कलणं शक्य नव्हतं. या जगात लिंडसेची बाजू घेणारं एकच लॉक होतं, आणि त्याचे मित्र ते त्याच्यापासून प्रेमानं, पॉलिश मारून, काढून घेत होते.

त्यावर शेडचा नियम आला. एकदा कुणाचं तरी अंगठ्याचं टोक गेल्यापासून शेडवर अपघातांची वही होती. जो जे हत्यार घरी नेईल, त्यानं ते आधी सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं आणि वहीत सही करायची.

"लिंबावर दाखवतो," लिंडसे म्हणाला.

"तुझी बायको लिंबू आहे का?" ॲथॉलनं स्टूल पुढे ओढलं. "स्वतःच्या मांडीवर, बाबा. सिरिंज सरावाची आहे."

सरावाची म्हणजे काय, हे लिंडसेनं विचारलं नाही. विचारलं तर भ्यायल्यासारखं दिसलं असतं. तो स्टुलावर बसला. साचा मांडीवर ठेवला. काच कापायच्या यंत्रापाशी कुणीतरी काम थांबवलं. शेडमध्ये इतकं शांत झालं की छपरावरची चिमणी ऐकू यायला लागली. आता उठून पळालो तर दारापर्यंत किती पावलं, ते त्यानं मोजलं, बावीस. मग ॲविसकडची ती रंग काढलेली खोली डोळ्यांपुढे आली आणि त्यानं दाबलं.

खट्.

सुई कातड्यातून, मांसातून थेट हाडापर्यंत गेलेली लिंडसेला स्पष्ट कळली. "पोचली," एवढं म्हणून तो स्टुलासकट उलटा झाला.

शुद्धीवर आला तेव्हा तो भुशाच्या पोत्यांवर होता आणि ॲथॉल त्याला अपघातांच्या वहीनं वारा घालत होता. काझिमिर हातातली सिरिंज उजेडात धरून बघत होता.

"यात सुई नाही, लिंडसे."

"होती."

"कधीच नव्हती."

"मला लागली की."

काझिमिरनं सिरिंज खाली ठेवली. ॲथॉलनं वही उघडली. तारीख, वेळ, हत्यार, इजा नाही, एवढं लिहून झालं आणि तो कारणाच्या रकान्यापाशी अडला.

"लिही," काझिमिर म्हणाला. "भीती."

त्याच्या पुढचा रकाना होता, घरच्यांना कळवलं का. लिंडसे पोत्यांवरून उठून बसला. त्यानं विनवण्या केल्या, पुढचे सहा शनिवार शेड झाडून देतो म्हणाला, मग आठ म्हणाला.

"रकाना आहे रे," ॲथॉल फोन उचलत म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. "रकाना असला की भरावा लागतो."

ग्वेन्डा वीस मिनिटांत आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, साचा सुंदर झालाय म्हणाली आणि नवऱ्याला गाडीत बसवलं. 

"आपला रोवन झाला तेव्हा तू दवाखान्याबाहेर दोन तास गाडी लावत होतास," पुलावर ती म्हणाली.

"जागा मिळत नव्हती."

"फुटबॉलच्या फायनलचा दिवस होता, लिंडसे. अख्खं गाव घरात टीव्हीसमोर होतं."

लिंडसेनं नदीकडे बघितलं. नदीत काही नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी फेनेलानं दोन्ही गोष्टी नाकारल्या. यंत्राला लाकूड जोडायला परवानगी नाही, आणि चक्कर आल्याची लेखी नोंद असलेल्या माणसानं समोर नीट देऊन दाखवेपर्यंत त्याच्या एकट्याच्या भरवशावर ती सही करू शकत नाही. तिनं स्वतःच इंजेक्शन दिलं. तेवढा वेळ लिंडसे फ्रिजकडे तोंड करून उभा होता. तोवर घरात पायावर उभं राहील असं दुसरं माणूस हवं, ती म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारी दोघांपैकी कुणीतरी नीट देऊन दाखवलं पाहिजे. तो तिचा शेवटचा गुरुवार.

लिंडसेला ग्वेन्डाची निळी सुटकेस दिसायला लागली.

"मी कुठेही जाणार नाही," ग्वेन्डा म्हणाली.

त्याच्या छातीवरून धोंड उतरली. त्यानं चहाचा एक घोट घेतला. तेवढाच त्याला मिळाला.

"ॲविस इथे येईल."

ॲविस दुसऱ्याच दिवशीच्या बसनं आली. ती लिंडसेशी कधी बोलायची नाही, लिंडसेबद्दल बोलायची, आणि तेही त्याच्यासमोर. "हा रोज असाच बसतो का गं?" "याला घरात बूट घालू देतेस तू?" तिनं स्वयंपाकघरातल्या खणातून त्याचे नट आवळायचे पाने काढून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ठेवले. त्याच्या बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला. शेजारणीला तिनं कुंपणावरून शेडवरचा प्रसंग सांगितला, आणि तिच्या सांगण्यात शेवटी सिरिंजही नव्हती, नुसता डबा बघूनच लिंडसे पडला होता. रविवारी जेवताना लिंडसेनं काट्यानं टेबलक्लॉथवर आकडे काढले. दिवस चौऱ्याऐंशी. ताशी टोमणे सरासरी सात. बुधवारी त्याची खुर्ची उजेडाच्या आड येते म्हणून तिनं ती व्हरांड्यात नेऊन ठेवली, आणि लिंडसे संध्याकाळभर तिथे, थंडीत, बसून राहिला. छातीत धडधडत होतं. ही धडधड सुईची आहे की दुसरी कसली, हे त्याला पहिल्यांदाच ओळखता येईना.

गुरुवारी दहा वाजता फेनेलानं यंत्रात सिरिंज बसवली. खरी. ॲविसनं बाह्या सरसावल्या.

"इकडे द्या. त्याला बाहेर बसवा आधी. असली कामं पुरुषांना झेपत नाहीत, मग दिवसभर त्यांचंच करत बसायचं."

फेनेलानं यंत्र पुढे केलं, आणि मधूनच ते लिंडसेनं घेतलं. कसं घेतलं ते त्यालाही कळलं नाही. कानात समुद्र होताच, पण हात मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा तसा शांत होता. त्यानं टोक ग्वेन्डाच्या मांडीवर टेकवलं. सरळ. लॉक हलकेच आत सरकलं. त्यानं बटण दाबलं आणि खिडकीवरची नजर काढली नाही. लाल. लाल. फेनेला मोठ्यानं आकडे मोजत होती. दहाला खिडकी हिरवी झाली.

"कळलंसुद्धा नाही," ग्वेन्डा म्हणाली.

ॲविस "हं" म्हणाली. फेनेलानं फॉर्मवर सही केली, खाली तारीख घातली, आणि तीन महिने याच माणसाच्या हातून घ्यायला हरकत नाही असं लिहिलं. लिंडसेनं ती ओळ दोनदा वाचली. मग ॲविस चहाचं बघायला वळली तशी त्यानं आवाज खाली आणून बायकोला विचारलं, की आता काम झालं, तर हिला जा म्हणून सांगायचं कसं.

"सांगायचं कशाला?" ग्वेन्डा झगा खाली ओढत म्हणाली. "परवाची बस आहे तिची. परतीचं तिकीट मी येण्याच्या तिकिटाबरोबरच काढलं होतं."

लिंडसे तिच्याकडे बघत राहिला. हातातलं यंत्र आता थरथरायला लागलं होतं, मागोमाग गुडघेही. ग्वेन्डानं ते यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पायानं खुर्ची त्याच्या मागे सरकवली.